बुलेट, गिटार आणि परदेशातली पहिली स्पर्धा: वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

प्रश्न: माझा 14 वर्षांचा मुलगा रात्री एक-एक वाजेपर्यंत मोबाइलवर बुद्धिबळाचे एक मिनिटाचे डाव, म्हणजे 'बुलेट', खेळतो. हटकलं की म्हणतो, 'हा सरावच आहे.' ऑनलाइन रेटिंग 2000च्या वर गेलंय, पण फिडेचं (जागतिक बुद्धिबळ संघटनेचं) रेटिंग वर्षभर 1550च्या आसपास घुटमळतंय. त्याचं खरं मानायचं का? (एक आई)

अर्धं खरं आहे, म्हणून तर वाद घालणं अवघड जातं.

आधी आकड्यांचं बघू. हे दोन आकडे एका तराजूतले नाहीत. फिडेचं रेटिंग एलो पद्धतीनं निघतं, ऑनलाइन साइट ग्लिको पद्धत वापरतात, आणि दोन्हीकडचे खेळाडूही वेगळे. लिचेस या साइटवर नवा खेळाडू 1500 पासूनच सुरू होतो. फिडेच्या यादीत मार्च 2024 पासून 1400 हे सर्वांत खालचं रेटिंग आहे. त्यामुळे 2000 मधून 1550 वजा करून काळजी करत बसू नका.

काळजी करायची ती सवयीची. एक मिनिटाच्या डावात पहिली सुचेल ती खेळी खेळावीच लागते. हरलेला डावही समोरच्याचा वेळ संपवून जिंकता येतो. हे महिनोन्महिने केलं की हात पटावरही तसाच चालतो. दीड तासाचं घड्याळ लावलेलं असताना पंचवीस मिनिटांत डाव संपवून बाहेर पाण्याची बाटली घेऊन उभी असलेली मुलं मी प्रत्येक स्पर्धेत बघतो. 'काय झालं?' विचारलं की उत्तर ठरलेलं: 'घोडा दिसलाच नाही.' घोडा समोरच होता, थांबून बघितलं नव्हतं.

बंदी घालू नका. बंदी घातलेला बुलेट पांघरुणाखाली खेळला जातो. पंधरा मिनिटं अधिक प्रत्येक खेळीला दहा सेकंद, असे रोज दोन डाव त्याला खेळू द्या, आणि खेळ्या वहीत लिहायला लावा. हरलेला डाव आधी स्वतःच्या डोक्यानं तपासायचा, इंजिन, म्हणजे खेळ्या तपासणारा संगणक प्रोग्रॅम, त्यानंतर. 2024 मध्ये 18 व्या वर्षी विश्वविजेता झालेल्या गुकेशला त्याच्या प्रशिक्षकांनी सुरुवातीची बरीच वर्षं इंजिनपासून लांबच ठेवलं होतं.

रात्री एकपर्यंतचं जागरण मात्र मान्य करू नका. या वयात झोप उशिरा येते, हा देहस्वभाव आहे, पण झोप आठ ते दहा तासांची लागते आणि शाळा काही उशिरा भरत नाही. जागरणाचं मूळ बहुतेक वेळा 'शेवटचा जिंकला की झोपतो' यात असतं. म्हणून रात्रीचे बुलेट डाव संख्येनं मोजा, निकालानं नाही. पाच म्हणजे पाच, पाचवा हरला तरी फोन बैठकीच्या खोलीत.

प्रश्न: सर, मी 15 वर्षांची आहे. बुद्धिबळाइतकीच मला गिटार आवडते. आमचे प्रशिक्षक म्हणतात, 'पुढे जायचं असेल तर एकच धर.' खरंच सोडावी लागेल का?

मी सोडायला सांगणार नाही. 1957 मध्ये विश्वविजेता झालेला वसिली स्मिस्लॉव्ह इतका चांगला गायचा, की 1950 मध्ये त्यानं मॉस्कोतल्या बोल्शोई या ऑपेरा थिएटरच्या गायकांच्या निवडचाचणीला नाव दिलं. तिथं निवड झाली नाही. ऑपेराचं नुकसान, आपला फायदा! मार्क तायमानोव्ह तर एकाच वेळी ग्रँडमास्टर आणि मैफली गाजवणारा पियानोवादक होता. मॅग्नस कार्लसननं डिसेंबर 2019 मध्ये, विश्वविजेता असतानाच, फँटसी प्रीमियर लीग या फुटबॉलच्या ऑनलाइन खेळात लाखो खेळाडूंमध्ये पहिला क्रमांक गाठला होता.

हा परिच्छेद कापून प्रशिक्षकांच्या टेबलावर ठेवू नकोस मात्र. या माणसांनी बुद्धिबळाचे तास चोरून गाणं केलं नाही. प्रशिक्षकांना सरळ विचार, 'आठवड्यात माझे किती तास कमी पडतात आणि कशात?' ते 'चार तास, एंडगेममध्ये' (डावाच्या शेवटच्या टप्प्यात) असं काही म्हणाले, तर ते चार तास रील्समधून काढता येतात का बघ. बहुतेकांचे निघतात. गिटारीला हात लावायची वेळच येत नाही.

प्रश्न: मुलीची जागतिक युवा स्पर्धेच्या 16 वर्षांखालील गटात निवड झाली आहे. घरातलं कुणीच आजवर अशा स्पर्धेला परदेशी गेलेलं नाही. काय काय सांभाळायचं? (एक वडील)

अभिनंदन. आधी कागद. वय मोजतात ते 1 जानेवारीवर: 2026 च्या स्पर्धेत या गटासाठी जन्म 1 जानेवारी 2010 रोजी किंवा त्यानंतरचा लागतो. प्रवेशिका राष्ट्रीय संघटनेमार्फतच जाते. तुमची मुलगी संघटनेची अधिकृत प्रतिनिधी आहे की 'अतिरिक्त खेळाडू', हे आजच लेखी विचारा, कारण सगळा हिशेब त्यावर बदलतो. अधिकृत प्रतिनिधीच्या राहण्या-जेवणाची व्यवस्था यजमान करतात, अतिरिक्त खेळाडूला ती स्वतःच्या खर्चानं आणि शक्यतो यजमानांनी ठरवलेल्या हॉटेलातच करावी लागते. सोबत जाणाऱ्या पालकांचा खर्च दोन्ही बाबतीत घरचाच. आईवडिलांपैकी एकच जण जाणार असेल, तर दुसऱ्याचं नोटरी केलेलं संमतिपत्र बरोबर असू द्या. बरेच देश ते मागतात.

आता पट. स्पर्धा बहुधा स्विस पद्धतीच्या (दर फेरीत सारख्या गुणांचे खेळाडू समोरासमोर) 11 फेऱ्यांची असते. 40 खेळ्यांना 90 मिनिटं, मग 30 मिनिटं, आणि पहिल्यापासून प्रत्येक खेळीला 30 सेकंदांची भर. डाव 60 खेळ्यांपर्यंत लांबला तर एकेकीच्या वाट्याला अडीच तास येतात, म्हणजे एक फेरी पाच तास चालू शकते. अशा अकरा. त्यामुळे शेवटचे दोन महिने ओपनिंगची (सुरुवातीच्या खेळ्यांची) आणखी एक फाइल पाठ करण्यापेक्षा लांब डाव खेळलेले बरे.

मुली हरतात त्या नेहमी खेळीमुळेच हरतात असं नाही. माझ्याबरोबर आलेल्या एका खेळाडूच्या जॅकेटच्या खिशात फोन निघाला, बंद केलेला. डाव चांगला होता. पंचांनी शून्य दिला, आणि नियमानं तो बरोबरच होता. फोन हॉटेलात किंवा तुमच्याकडे. घड्याळही साधंसुद्धा नको, कारण अनेक स्पर्धांत मनगटावर काहीच चालत नाही. उशिरा पोहोचल्यास किती मिनिटांनी डाव जातो ते स्पर्धेच्या नियमावलीत वाचा. काही ठिकाणी ती मुदत शून्य असते. बरोबरीचा प्रस्ताव द्यायचा तर आधी खेळी, मग शब्द, मग घड्याळ. तीच स्थिती तिसऱ्यांदा येणार असेल आणि त्यावर बरोबरी मागायची असेल, तर खेळी आधी कागदावर लिहून पंचांना बोलवायचं, पटावर करायची नाही. आपल्याकडची मुलं हे तोंडपाठ म्हणतात आणि घाईत उलटं करतात.

वेळेच्या फरकाशी जुळवून घ्यायला शरीराला ढोबळमानानं दर तासाला एक दिवस लागतो. पाच तासांचा फरक असेल तर आदल्या रात्री पोहोचू नका.

आणि तुम्ही? पहिली काही मिनिटं संपली की पालकांना सभागृहाबाहेर काढतात. बाहेर बसून मोबाइलवर इंजिनचा आकडा बघत राहू नका. मुलगी दारातून बाहेर येते तेव्हा तो आकडा तुमच्या चेहऱ्यावर असतो.

प्रश्न: पहिल्या दोन फेऱ्या हरलं की माझा मुलगा रेटिंगचं गणित घेऊन बसतो. काय करावं?

गणित त्याला नीट करू द्या, भीती कमी होईल. 18 वर्षांखालील आणि 2300च्या आतल्या खेळाडूला फिडे 40 चा गुणक लावते, म्हणजे एका डावात रेटिंग फार तर 40 नं हलतं. 1550च्या मुलानं 1450च्या खेळाडूविरुद्ध डाव घालवला तर सुमारे 26 गुण जातात, आणि 1650च्या खेळाडूला हरवलं तर तितकेच येतात. शिवाय स्विस पद्धतीत सारख्या गुणांचे खेळाडू समोर येतात, तेव्हा दोन पराभवांनंतरचे डाव सहसा सोपेच असतात. तिसऱ्या फेरीआधी डोळे पुसून अंघोळ, एवढं पुरतं.

प्रश्न: सर, मी 13 वर्षांचा आहे. ऑनलाइन स्पर्धेत तीन डावांत इंजिन बघून खेळलो. माझं अकाउंट बंद झालं. घरी 'काहीतरी टेक्निकल झालं' असं सांगितलंय. आता माझं फिडे रेटिंगही जाईल का?

नाही. साइटनं अकाउंट बंद केलं म्हणून फिडे रेटिंग आपोआप जात नाही, ती दोन वेगळी घरं आहेत. हे उत्तर वाचून सुटकेचा श्वास सोडलास ना? आता दुसरं ऐक. खोटं नाव घेऊन दुसरं अकाउंट काढलंस, तर तेही पकडलं जाईल, कारण तिथं तुझ्या खेळ्या इंजिनच्या खेळ्यांशी ताडून बघितल्या जातात, आणि खेळीला लागलेला वेळही.

आज प्रशिक्षकांना सांग. ते ओरडतील, दहा मिनिटं. नंतर साइटला पत्र लिहायला तेच मदत करतील. कबुली दिलेल्या खेळाडूंना पुन्हा संधी मिळाल्याची उदाहरणं आहेत. घरी सांगताना प्रशिक्षकांना बरोबर ने. मला पत्र लिहिण्यापेक्षा ते सोपं जाईल, आणि मला तर तू लिहिलंच आहेस.

प्रश्न: स्पर्धेच्या दिवसांत संध्याकाळी वेब सीरिज बघू द्यावी का?

हो, एक भाग. आधी पाहिलेली असेल तर उत्तम. पुढं काय होतं ते माहीत असतं, त्यामुळे दुसरा भाग लावायची घाई नसते.