कारण माग

पोरी,

काल तू आमच्या पायरीवर बसून मोबाइलवर दोन पगारपत्रकं दाखवलीस. एक तुझं, दुसरं तुझ्यानंतर चार महिन्यांनी लागलेल्या मुलाचं. दोघांचाही डिप्लोमा, दोघंही क्वालिटीला, आणि हातात पडणाऱ्या पगारात अडीच हजारांचा फरक. मग म्हणालीस, "काका, आता जेवढे पैसे देतात तेवढंच काम करणार." मी तेव्हा गप्प बसलो. पण रात्री झोप लागेना, म्हणून हे लिहितोय.

हेच वाक्य मी १९९३ साली नाशिकच्या अंबडमधल्या एका शेडमध्ये मनाशी म्हटलं होतं. शेजारच्या लेथवरच्या नव्या पोराला माझ्यापेक्षा दीडशे रुपये जास्त होते. मी कुणाला काही विचारलं नाही, हात आखडला. शिफ्टला चाळीस जॉब, म्हणजे सुटे भाग, काढायचो, ते तीसवर आणले. मायक्रोमीटर लावून माप घ्यायचं तिथं नजरेवर भागवू लागलो. मालकाने अखेर बोलावलं, तेव्हा टेबलावर माझे रिजेक्ट झालेले जॉब मांडलेले होते. त्यांच्यासमोर पगाराचा विषय कुठल्या तोंडाने काढणार होतो? पुढं कधीतरी कळलं, त्या पोराला लेथचं टूल स्वतः ग्राइंड करता, म्हणजे घासून धार लावता येत होतं. मला येत नव्हतं. विचारलं असतं तर तीन महिन्यांत शिकलो असतो. तिथं दोन वर्षं रागात काढली, आणि त्या दोन वर्षांत नवं काहीच शिकलो नाही.

म्हणून सांगतो, आधी कारण माग. पैसे नंतर.

हे मी नुसतं अनुभवावरून म्हणत नाही. जेराल्ड ग्रीनबर्ग नावाच्या अमेरिकन संशोधकाने १९९० मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. एका कंपनीच्या दोन कारखान्यांत दहा आठवड्यांसाठी पंधरा टक्के पगारकपात झाली होती. एकीकडे कारण नीट, आदराने समजावून सांगितलं, दुसरीकडे थोडक्यात उरकलं. कपात सारखीच, पण जिथं उरकलं तिथं कामगारांच्या चोऱ्या कितीतरी जास्त वाढल्या. आणि आपल्याच देशात, ओडिशात, मजुरांच्या छोट्या गटांवर झालेला प्रयोग २०१८ मध्ये छापून आला. कोण किती माल काढतो हे जिथं एकमेकांना दिसत नव्हतं, तिथं कमी-जास्त मजुरी मिळताच कमी मिळणाऱ्यांचं काम घसरलं. स्वतःचा रोज बुडवून लोक घरी बसले. जिथं कामातला फरक डोळ्यांना दिसत होता, तिथं तसं झालं नाही. माणूस फरक सोसतो ग. न सांगितलेला फरक सोसत नाही.

तेव्हा उद्यापासून हात आखडायचा विचार डोक्यातून काढ. वहीत लिही: फर्स्ट पीस, म्हणजे मशीनवरून निघालेले पहिले नग, किती तपासलेस, ग्राहकाच्या किती तक्रारी तू बंद केल्यास, मापाचा कुठला गेज तू एकटीच हाताळतेस. साहेबांकडे वेळ मागून जा, शिफ्ट सुटताना घाईत नको. त्या मुलाचं पगारपत्रक अजिबात दाखवू नकोस, तो बिचारा अडचणीत येईल. एवढंच विचार, "माझा आकडा कसा ठरला?" मग गप्प बस आणि ऐक.

आणि "तुला कुठं घर चालवायचंय" असलं काही ऐकवलं, तर ते कारण नव्हे. सारख्या कामाला बाई म्हणून कमी पगार देता येत नाही. १९७६ च्या समान वेतन कायद्यात हे होतं, २०१९ च्या वेतन संहितेतही आहे. तिथं मागे हटायचं नाही.

मीही नंतर हटलो नाही. सातपूरच्या पुढच्या नोकरीत तीनदा विचारलं, तिन्ही वेळा "पॉलिसी आहे" एवढंच उत्तर. सोडली. मुलीचं दहावीचं वर्ष होतं. तुझी काकू अजून म्हणते, चारशे रुपयांसाठी घर टांगणीला लावलंत. चारशे रुपयांसाठी नव्हतं ते! मला फक्त कारण हवं होतं, आणि ते देण्याइतकी किंमत त्यांच्या लेखी मला नव्हती. पुढं मी स्वतः शॉप इनचार्ज झालो, तेव्हा कुठलं मशीन कुणाला येतं आणि त्यावर पगाराची पायरी कुठली, याचा तक्ता भिंतीवर लावला. वरचे साहेब म्हणाले, काढा, भांडणं होतील. पहिल्याच आठवड्यात तिघं तणतणत आले. मी तिघांनाही तक्त्यासमोर उभं करून कारण सांगितलं. त्यातल्या एकाचं म्हणणं बरोबर निघालं, त्याची पायरी बदलली. तक्ता मी काढला नाही. त्यापायी माझं प्रमोशन अडलं असेल, अडू दे. आजही मी तोच तक्ता लावीन.

बुधवारी तुझी फर्स्ट शिफ्ट आहे ना? सुटलीस की त्रिमूर्ती चौकातून सरळ इकडं ये, वही घेऊन. मी साहेब बनतो, तू विचार. पहिल्यांदा आवाज कापेल. तो इथं, आमच्या ओट्यावर कापू दे.

तुझा
काका