नीटसाठी गणित सोडायचं का?

प्रश्न: मुलगी अकरावी सायन्सला आहे, बायोलॉजी आणि गणित दोन्ही घेतलंय. प्रकाश आणि आवाज वापरून लहान मुलांचे आजार शोधतात, असं तिनं वाचलं आणि आता ‘हेच करायचं’ म्हणते. क्लासवाले म्हणतात, गणित सोडा, नीटवर लक्ष द्या. काय करावं? – एक आई, मानेवाडा, नागपूर

ताई, गणित सोडू नका. क्लासवाल्यांचं गणित वेगळं असतं, ते बाजूला ठेवा.

तिनं वाचलं ते फोटोअकौस्टिक इमेजिंग. लेसरचा काही नॅनोसेकंदांचा झोत त्वचेवर सोडतात. रक्तातलं हिमोग्लोबिन तो शोषतं, किंचित तापतं, प्रसरण पावतं आणि त्यातून अल्ट्रासाउंडची लहर निघते. सोनोग्राफीसारखा प्रोब ती टिपतो. प्रकाश शरीरात लगेच विखुरतो, आवाज त्या मानानं बराच कमी. म्हणून आत पाठवायचा प्रकाश आणि ऐकायचा आवाज! एक्स-रेचं रेडिएशन नाही, एमआरआयसारखं लहान मुलाला झोपवून ठेवणं नाही. दिसतं मात्र काही सेंटिमीटर खोलपर्यंतच. जर्मनीतल्या एर्लांगेनच्या डॉक्टरांनी 2019 मध्ये ड्युशेन या स्नायूंच्या आजारात मुलांच्या स्नायूंत साचणारं कोलॅजन हे प्रथिन असंच मोजून दाखवलं.

आता त्या लहरींवरून चित्र कसं उभं करायचं? तिथे सगळं गणितच आहे. डॉक्टर मशीन वापरतात, ते घडवतात फिजिक्स, इलेक्ट्रॉनिक्स आणि कॉम्प्युटरवाले. मुलीला पेशंट तपासायचे असतील तर एमबीबीएस, मग रेडिओलॉजीत तीन वर्षांचं एमडी. मशीन घडवायचं असेल तर जेईई. व्हीएनआयटी हे इंजिनिअरिंग कॉलेज घराजवळच आहे, निम्म्या जागा महाराष्ट्रातल्या मुलांना असतात. तिथे इलेक्ट्रॉनिक्स घेता येईल. पुढे ‘गेट’ ही प्रवेश परीक्षा देऊन आयआयटी मुंबईत बायोमेडिकलचं एमटेक, किंवा बंगळुरूच्या आयआयएससी या विज्ञान संस्थेत संशोधन. बीएस्सी फिजिक्स करून ‘जॅम’ या प्रवेश परीक्षेतून एमएस्सी, हीही वाट चांगली आहे, आपल्याकडे तिला उगाच नाकं मुरडतात.

स्पष्ट सांगते, फक्त याच तंत्रावर नोकऱ्या आज आपल्याकडे फार थोड्या, आणि त्याही बहुतेक संशोधनातल्या. पण हेच शिक्षण सोनोग्राफी, एमआरआय बनवणाऱ्या कंपन्यांत चालतं.

तिला एकदा विचारा: पेशंटशी बोलायला आवडेल की सर्किट जोडत बसायला? उत्तर आज नाही आलं तरी चालेल. दोन्ही विषय हाताशी असले तर बारावीनंतरही ठरवता येतं.