वाचकांचे प्रश्न : अर्धवट पुस्तिका लोकांच्या हाती द्यावी का?

प्रश्न : कूलरची निगा आणि दुरुस्ती यावर मराठीत मोफत पुस्तिका लिहितो आहे. निम्मी झाली आहे. पूर्ण होण्याआधी मसुदा वाचायला द्यावा का? लोक हसतील असं वाटतं. (एक वाचक, मानेवाडा, नागपूर)

उत्तर : द्या, आणि फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यातच द्या. नागपुरात होळीच्या आसपास कूलर बाहेर निघतात. पुस्तिका समोर ठेवून काम करून बघणारा वाचक तेव्हाच मिळतो. मे महिन्यात मेकॅनिकला जेवायची सवड नसते, तो तुमची पानं काय वाचणार?

हसण्याचं सोडा. खरी अडचण ही की व्हॉट्सअ‍ॅपवर गेलेला मसुदा परत बोलावता येत नाही. सुधारलेली प्रत आली तरी जुनी कोणाच्या तरी फोनमध्ये राहतेच. म्हणून अपुरं चालेल, जिवावर बेतणारं चुकलेलं चालणार नाही. ताट्या (कूलरच्या बाजूंना लावलेले, पाण्याने भिजणारे पॅड) बदलणं, टाकी धुणं, पंपाची जाळी साफ करणं ही प्रकरणं कच्ची असली तरी जाऊ द्या. फक्त प्रत्येकाची पहिली पायरी ‘प्लग काढा’ हीच हवी, नुसतं बटण बंद करून भागत नाही. अर्थिंग, वायरिंग आणि कपॅसिटर (मोटर फिरायला मदत करणारा, वीज साठवणारा भाग) यांवरची ओळ मात्र परवानाधारक वायरमनने तपासल्याशिवाय बाहेर काढू नका. तोवर त्या पानावर ‘तपासणी चालू आहे’ एवढंच लिहा. कूलरचा शॉक लागून माणूस गेल्याच्या बातम्या विदर्भात दर उन्हाळ्यात येतात.

मसुद्याचा क्रमांक आणि तारीख (मसुदा ०.१, ०.२ अशी) प्रत्येक पानाच्या तळाशी टाका. मुखपृष्ठावर टाकून उपयोग नाही, कारण लोक एकाच पानाचा फोटो काढून पुढे पाठवतात. पायऱ्यांचे क्रमांकही असेच दगा देतात. मध्ये नवी पायरी घातली की ७ ची ८ होते आणि ‘सातवी चुकली’ हा निरोप कुठल्या पायरीबद्दल आहे तेच कळत नाही. पुस्तिका पक्की होईपर्यंत नव्या पायरीला ७अ म्हणा.

पान ए-४ नको. २१ सेंटिमीटर रुंदीचं पान ७ सेंटिमीटरच्या पडद्यावर आलं की १२ पॉइंटचं अक्षर ४ पॉइंटचं होतं. ए-५ पान आणि १४ पॉइंट ठेवा. फाँट युनिकोडच घ्या. कृतिदेवसारख्या जुन्या फाँटमधलं वाक्य वाचकाने कॉपी करून पाठवलं तर तुमच्याकडे नुसती चिन्हं येतील. आणखी एक, झेरॉक्समध्ये दशांशचिन्ह उडतं. २.५ मायक्रोफॅरडचं (हे कपॅसिटरचं माप) २५ व्हायला वेळ लागत नाही, तेव्हा शेजारी ‘अडीच’ असं अक्षरी लिहा. शिवाय ‘जुन्या कपॅसिटरवर छापलेला आकडाच घ्या’ हेही लिहा.

‘कसं वाटलं कळवा’ म्हणालात तर ‘छान आहे’ एवढंच उत्तर येईल. त्याऐवजी विचारा : कोणत्या पायरीवर थांबलात? कोणता शब्द अडला? कोणतं अवजार घरात नव्हतं? यापेक्षाही उत्तम म्हणजे छापील पानं एखाद्याच्या हाती देऊन शेजारी गप्प बसायचं. त्याने पान उलटून मागे पाहिलं की तिथे काहीतरी सुटलं आहे असं समजा. तोंड उघडून मदत केलीत की ती चाचणी वाया गेली.

प्रश्न : मसुदा मोफत दिला आणि कोणी छापून विकला तर? (वाचक, सक्करदरा)

उत्तर : परवाना आधी ठरवा. क्रिएटिव्ह कॉमन्सचा (आपलं काम इतरांना वापरू देण्यासाठीचे तयार परवाने) बीवाय-एसए ४.० लावला तर विकायलाही मुभा असते. फक्त तुमचं नाव आणि तोच परवाना ठेवावा लागतो. विक्री नकोच असेल तर बीवाय-एनसी-एसए. एकदा दिलेला परवाना मागे घेता येत नाही, मसुद्याचाही. दुरुस्त्या पाठवणाऱ्यांकडून त्याच परवान्याला होकार घ्या, नाहीतर त्यांनी लिहिलेला परिच्छेद त्या परवान्याखाली वाटायचा हक्क तुम्हाला मिळत नाही. कंपनीच्या माहितीपत्रकातली चित्रं उचलू नका, स्वतः फोटो काढा.

प्रश्न : एक वाचक म्हणतो ताट्या दरवर्षी बदला, दुसरा म्हणतो दोन वर्षं चालतात. कोणाचं घ्यावं? (तेच वाचक, मानेवाडा)

उत्तर : दोघांनाही विचारा, पाणी कुठलं? बोअरवेलच्या जड पाण्याने ताट्यांवर क्षार बसतात आणि त्या लवकर दगडासारख्या होतात. नळाच्या पाण्यावर जास्त टिकतात. पुस्तिकेत पाण्याचा उल्लेखच नसेल तर दोघंही आपापल्या जागी बरोबर असतील. दोन्ही सूचना वहीत मसुदा क्रमांकासह नोंदवा आणि ०.२ मध्ये पाण्याप्रमाणे दोन वेगळ्या ओळी घाला.