दुसरा हप्ता भरण्याआधी

प्रश्न : माझी मुलगी बी.ई. कॉम्प्युटरच्या तिसऱ्या वर्षाला आहे, सरासरी ६४ टक्के. आमचे चार यंत्रमाग आहेत, कर्ज काढून शिकवतोय. एका ऑनलाइन कोडिंग क्लासचा पहिला हप्ता भरला, दुसरा पुढच्या महिन्यात आहे. आता ती म्हणते, टेक्निकल रायटर व्हायचंय, म्हणजे सॉफ्टवेअर कसं बसवायचं, कसं वापरायचं ते लिहून देणारी. घरी आम्ही तेलुगू बोलतो, तिची शाळा मराठी. इंग्रजीत ती काय लिहिणार? इंजिनिअर होऊन कारकुनी करायची का? तिचा चुलतभाऊ हिंजवडीत डेव्हलपर आहे. ती रात्री क्लास सोडून हेच करत बसते, म्हणून दहानंतर लॅपटॉप काढून घेतो. तिला न सांगता हे पत्र लिहितोय. तिला यातून बाहेर कसं काढू?
— एक वडील, पूर्व भाग, सोलापूर

उत्तर : ६४ टक्क्यांची मला काळजी वाटत नाही. लॅपटॉपची वाटते. वीस-एकवीस वर्षांच्या मुलीच्या हातून तो काढून घेता, तिच्या आयुष्याबद्दल पत्र लिहिता आणि तिलाच पत्ता लागू देत नाही. पत्रात कर्ज आहे, हप्ता आहे, चुलतभाऊ आहे. ती रात्री नेमकं काय लिहीत बसते, याचा एक शब्द नाही. विचारलंच नसेल, असं मी धरून चालते. कर्जाची धास्ती खरी आहे, त्या कर्जाचा हिशेब लेकीसमोर जरूर मांडा. पुतण्याला मात्र मधे आणू नका. आणि हे उत्तर आधी तिला वाचायला द्या.

आता ‘कारकुनी’बद्दल. तुमच्या मागावर नवा माणूस आला की जुना कामगार त्याला सांगतो, ‘धागा तुटला की जोड.’ आधी माग थांबवायचा, हे सांगत नाही, कारण त्याचा स्वतःचा हात आपसूक तिकडे जातो. डेव्हलपरचंही तसंच होतं. तो लिहितो, ‘कॉन्फिग फाइल भरा आणि सर्व्हर सुरू करा.’ कॉन्फिग म्हणजे सेटिंगची फाइल. त्याच्या मशीनवर डेटाबेस कधीचाच तयार असतो, नोड या जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या प्रोग्रामची ठरावीक आवृत्ती असते, पासवर्डसारखी गुप्त किल्ली एन्व्हायर्न्मेंट व्हेरिएबलमध्ये, म्हणजे मशीनच्या सेटिंगमध्ये, भरलेली असते. यातलं काहीच कागदावर येत नाही. नवी मुलगी कोऱ्या मशीनवर तेच करते आणि तिसऱ्या पायरीला अडकते. कॉलेजच्या लॅबमध्ये नेहमीचा घोळ म्हणजे झॅम्प या तयार पॅकेजमधला मायएसक्यूएल हा डेटाबेस ३३०६ पोर्ट, म्हणजे प्रोग्राम जिथून बोलतात तो क्रमांकाचा दरवाजा, अडवून बसलेला असतो. प्रोजेक्टचं मायएसक्यूएल त्याच पोर्टवर सुरूच होत नाही आणि पोरं दिवसभर पासवर्ड बदलत बसतात. टेक्निकल रायटर कोऱ्या व्हर्च्युअल मशीनवर, म्हणजे संगणकाच्या आतच उभारलेल्या दुसऱ्या रिकाम्या संगणकावर, प्रत्येक पायरी स्वतः चालवून पाहते. काय काय आधी हवं ते आवृत्तीसकट वर लिहिते, एका पायरीत एकच कृती ठेवते, ती झाल्यावर पडद्यावर काय दिसायला हवं ते सांगते. एरर आहे तशी, अक्षर न बदलता देते, कारण अडकलेला माणूस तीच ओळ गूगलमध्ये टाकतो. डेव्हलपरला दहा प्रश्न विचारल्याशिवाय असं पान होत नाही, आणि कोड वाचता आल्याशिवाय ते प्रश्न सुचत नाहीत. ज्याला कोडिंग जमत नाही त्याची ही पळवाट, असं तिलाही वाटत असेल तर तिचाही गैरसमज आहे.

गूगलने २०१९ मध्ये ‘सीझन ऑफ डॉक्स’ सुरू केला, तो ओपन सोर्स, म्हणजे कोड सगळ्यांना खुला असलेल्या, प्रकल्पांना टेक्निकल रायटर मिळवून देण्यासाठी. गूगलचाच त्याआधीचा कोडिंगचा उपक्रम ‘समर ऑफ कोड’ विद्यार्थ्यांसाठी होता. हा मात्र लिखाणाचा अनुभव असलेल्यांसाठी.

इंग्रजीची भीती सोडा. इथे अलंकारिक भाषा चालतच नाही. छोटी वाक्यं, वर्तमानकाळ, एका गोष्टीला शेवटपर्यंत एकच नाव. वाचणाऱ्यांतही मायबोली इंग्रजी नसलेले ढिगाने असतात. गूगल आणि मायक्रोसॉफ्ट दोघांच्या स्टाइल गाइड फुकट वाचता येतात.

आणि हे नाहीच जमलं तर एमसीए, गेट, बँकेच्या परीक्षा पदवीनंतरही आहेतच.

कटू भागही ऐका. फ्रेशरसाठी जागा थोड्या. जाहिराती दोन-तीन वर्षांचा अनुभव मागतात, पुण्यातही. सुरुवातीचा पगार अनेकदा डेव्हलपरपेक्षा कमी. पहिला मसुदा आता एआय लिहून देतो, त्यामुळे नुसतं सफाईदार लिहिणाऱ्याचं काम जाणार. पण तोच एआय अस्तित्वात नसलेला पर्यायही ठणकावून सांगतो. चालवून पाहून तो पकडणारं कुणीतरी लागतं.

म्हणून दुसरा हप्ता भरू नका. ती वापरते असा एखादा छोटा ओपन सोर्स प्रकल्प तिनं निवडावा, त्याच्या रीडमीप्रमाणे, म्हणजे सोबतच्या माहितीच्या फाइलप्रमाणे, कोऱ्या मशीनवर तो उभा करावा आणि जिथे अडली ते टिपावं. मग एका अडचणीची एकच दुरुस्ती गिटवरून, म्हणजे कोडमधले बदल नोंदवणाऱ्या साधनातून, पाठवावी. आख्खं पान नव्यानं लिहून पाठवलं तर प्रकल्प सांभाळणाऱ्यांना ते तपासायला वेळ नसतो, ते तसंच पडून राहतं. नुसता स्वल्पविराम बदलूनही पाठवू नये; हॅकटोबरफेस्ट या ओपन सोर्सला हातभार लावण्याच्या ऑक्टोबरमधल्या उपक्रमात २०२० मध्ये टी-शर्टसाठी असल्या दुरुस्त्यांचा इतका पूर आला की आयोजकांना नियम बदलावे लागले. सोबत पोस्टमन या चाचणीच्या साधनात एखादी खुली एपीआय, म्हणजे एका प्रोग्रामने दुसऱ्याकडून माहिती मागायची सोय, चालवून तिचे चार-पाच एंडपॉइंट, म्हणजे मागणीचे पत्ते, नीट लिहावेत : मागणीसोबतचा कोणता तपशील (पॅरामीटर) सक्तीचा, चुकला तर कोणता एरर कोड येतो. आणि एक इन्स्टॉलेशन गाइड, म्हणजे सॉफ्टवेअर बसवायची कृती, लिहून ज्युनिअर मुलीसमोर ठेवावी, शेजारी गप्प बसावं. ती जिथे थांबेल तिथे पान चुकलंय. असे तीन नमुने झाले की मुलाखतीत दाखवायला काही आहे.

चौथ्या वर्षाच्या दिवाळीपर्यंत तिला हे करू द्या. तोवर एकही दुरुस्ती स्वीकारली गेली नाही, तर डेव्हलपरच्या जागांसाठी अर्ज करावेत. कोड आणि गिट तिथेही लागतंच. लॅपटॉप आज रात्रीच परत द्या. पुढचं पत्र तिनं स्वतः लिहावं, सोबत इन्स्टॉलेशन गाइड जोडावी.