‘हिवाळी भोपळा’ म्हणावं का?

ऐरोलीहून एका बाईंचा प्रश्न आला आहे. त्यांनी सोसायटीच्या गच्चीवर बटरनट आणि कबोचा असे दोन परदेशी भोपळे लावलेत, शेजारी भाजीवाल्याकडच्या लाल भोपळ्याच्या बियांचाही एक वेल आहे. बियांच्या पुड्यांवर मराठी नावं लिहायची म्हणून त्या विचारतात : इंग्रजीत या भोपळ्यांना विंटर स्क्वॉश म्हणतात, त्याला ‘हिवाळी भोपळा’ म्हटलं तर चालेल का? आणि गेल्या वर्षी धरलेल्या बटरनटच्या बियांतून यंदा जे ना धड बटरनट ना धड लाल भोपळा असं फळ आलं, ते ‘संकरित’ का?

‘हिवाळी’ नको. त्या इंग्रजी नावातला हिवाळा पिकण्याचा नाही, टिकण्याचा आहे. थंड मुलखात हा भोपळा उन्हाळ्यात वाढतो, बर्फ पडायच्या आत काढतात आणि कडक सालीमुळे तो हिवाळाभर घरात राहतो, म्हणून तो विंटर. झुकिनीसारखा कोवळा खायचा तो समर. आपण ‘हिवाळी’ म्हटलं की कोणालाही वाटणार, थंडीत लावायचा. गंमत म्हणजे ‘स्क्वॉश’ हा शब्द अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांच्या नॅरागॅन्सेट भाषेतून आलाय आणि त्याच्या मुळाशी ‘हिरवं, कच्चंच खायचं’ असा अर्थ आहे. आपल्याकडे स्क्वॉश म्हटलं की अजून संत्र्याची बाटलीच डोळ्यापुढे येते, ते वेगळंच.

मराठीत हा भेद ऋतूवरून करायची गरजच नाही, कारण तो आपण नखाने करतो. दुधीला नख रुतलं तर घ्यायचा, लाल भोपळ्याला रुतलं तर ठेवून द्यायचा. पहिला कोवळा, दुसरा जून. भेंडी जून निघाली की आपण कुरकुरतो, गवार निबर म्हणून परत करतो. भोपळ्याच्या बाबतीत मात्र ‘चांगला जून आहे’ ही तारीफ असते. हा ‘जून’ आणि ‘जुना’ दोन्ही संस्कृत ‘जीर्ण’पासून आलेले, त्यामुळे त्यातला ज ‘जहाज’मधला, ‘जीवन’मधला नव्हे. महिन्याचा जून वेगळा उच्चारतो, पण लिहिताना दोन्ही सारखेच दिसतात. आणि पावसाळी वेलाचं बी लावायचं जून महिन्यातच! तेव्हा पुडीवर नुसतं ‘जून भोपळा’ लिहिलंत तर घोटाळा ठरलेला. ‘जून झाल्यावर काढणे’ असं लिहा. देठ वाळून लाकडासारखा झाला की काढायचा, दोन-तीन बोटं देठ ठेवून.

‘लाल भोपळा’ हे नावही सगळीकडचं नाही. नाशिक-खानदेशाकडे डांगर, विदर्भात कोहळं, कुठे काशीफळ, कुठे गंगाफळ. आमच्या ठाण्याच्या घरात कोकणची आजी ‘डांगर’ म्हणे ते पापडाच्या पिठाला, आणि नाशिकहून आलेल्या काकूला त्याच शब्दाने भाजी दिसे. कोहळ्याचं मूळ ‘कूष्मांड’, म्हणजे मुळात पांढरा, पेठ्याचा. लाल भोपळा अमेरिकेतून आलेला. त्याला आपण इथल्याच जुन्या फळांची नावं वाटून दिली. ‘भोपळा’ही त्यातलाच. सतारीचा भोपळा किंवा पोहायला शिकताना पाठीला बांधायचा तो सुका भोपळा हा दुधीच्या जातकुळीतला. दोन भोपळे एकत्र बांधून जी तरती सांगड करत, तीच आपण आता कशाचीही कशाशी घालतो.

आता यंदाचं फळ. त्याला ‘संकरित’ म्हणू नका. संकरित म्हणजे ठरवून, आई-बाप निवडून केलेलं. १९६४मध्ये संकरित ज्वारी आली तेव्हापासून खेड्यात त्याला ‘हायब्रीड’ म्हणतात, आणि पुढे तो शब्द अशक्त पोरांनाही चिकटला. तुमच्याकडे झालंय ते मधमाशीने केलेलं काम, त्याला बियाणं करणारे शेतकरी ‘भेसळ’ म्हणतात. दुधात पाणी घातल्यासारखा दोष त्यात नाही, फक्त वाण शुद्ध राहिला नाही एवढंच.

तुमचा संशय कबोचावर आहे, पण तो बहुधा निर्दोष आहे. कबोचाची प्रजाती वेगळी, मॅक्सिमा. बटरनट आणि आपला नेहमीचा लाल भोपळा दोघे मोस्चाटा, त्यांचं सहज जमतं. भेसळ गेल्या वर्षीच झाली, दिसली यंदा. कारण गर आणि साल आईचीच असते, बापाचा वाटा फक्त बीमध्ये. म्हणून गेल्या वर्षीचं बटरनट तुम्हाला अगदी बटरनटसारखंच लागलं असणार. यंदाचं फळ बेलाशक खा. फक्त पहिला तुकडा कडू लागला तर सगळं टाकून द्या. शोभेच्या भोपळ्यांशी भेसळ झाली की तो कडवटपणा येतो, आणि तो शिजवूनही जात नाही, पोट बिघडवतो.

घारग्यांना यातलं कोणतं बरं, हे तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगते : कबोचा. गर कोरडा, पीठ कमी लागतं, गुळाची चव पुढे येते. बटरनटला पाणी सुटतं, ते दह्यातल्या भरताला द्या. काढल्यावर दोन-तीन आठवडे हवेशीर जागी ठेवा, दोन्ही आणखी गोड होतात.

पुढच्या वर्षी शुद्ध बी हवं असेल तर उद्या उमलणार अशी मादी कळी (मागे इवलंसं फळ असतं ती) आणि त्याच जातीची एक नर कळी संध्याकाळी दोऱ्याने बांधून ठेवा. सकाळी नर फुलाच्या पाकळ्या काढून पराग मादीत फिरवा आणि मादी पुन्हा बांधा. उरलेल्या नर फुलांची भजी करा. त्या फळाच्या देठाला रंगीत दोरा राहू द्या, आणि त्याच्या बियांच्या पुडीवर लिहा : ‘बटरनट, दोऱ्याचं’. बाकीच्यांवर ‘बटरनट, भेसळ’.