बॅरेटचा निबंध मन लावून लिही

ॲरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीत प्रवेश मिळाला म्हणजे तिथलं बॅरेट ऑनर्स कॉलेज (निवडक विद्यार्थ्यांसाठीचं खास कॉलेज) आपोआप मिळत नाही. त्याचा अर्ज वेगळा भरावा लागतो. सगळ्यात जास्त वेळ निबंधाला दे. टक्के, बक्षिसं अर्जात इतरत्र येतातच. ती तिथे पुन्हा उगाळू नकोस. एखाद्या प्रश्नावर तुझं मत कसं घडलं, का बदललं, ते लिही. कारण पहिल्या वर्षी ‘द ह्यूमन इव्हेंट’ हा दोन सत्रांचा चर्चावर्ग असतो. मूळ ग्रंथ वाचून यायचे आणि वर्गात बोलायचं. आपल्या मुलांना ती सवय कमी असते, आत्तापासून लाव. पुढे प्रबंध किंवा सर्जनशील प्रकल्पही करायचा असतो, इंजिनिअरिंगवाल्यांनासुद्धा! ऑनर्सची फी वेगळी पडते, घरी आधीच सांगून ठेव.