घरी शिकलेली मुलगी आणि घराबाहेरचे मोजमाप

प्रश्न : आम्ही वाईला राहतो. माझी मुलगी सोळा वर्षांची आहे. पाचवीत असताना तिला शाळेतून काढले आणि तेव्हापासून मी तिला घरीच शिकवते. गेल्या वर्षी ती एनआयओएसची, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयाची, दहावी मराठी, इंग्रजी, विज्ञान, गृहविज्ञान आणि चित्रकला हे विषय घेऊन उत्तीर्ण झाली. बारावीला इंग्रजी, जीवशास्त्र, पर्यावरणशास्त्र, गृहविज्ञान आणि चित्रकला घेतली आहे. तिला वनस्पतींचे वेड आहे आणि पुढे त्यातच काही करायचे आहे. मुक्त विद्यालयाच्या प्रमाणपत्राला किंमत असते का, आणि इतकी वर्षे घरात शिकलेली मुलगी बाहेर उभी राहील का, या दोन प्रश्नांनी मला झोप लागत नाही. मुंबईची एक मुलगी शाळा सोडून अमेरिकेतील एमआयटीत पोचल्याचे वाचले होते. त्या धीरावर आम्ही आजवर चाललो. तिच्या वहीच्या काही पानांची छायाचित्रे सोबत पाठवत आहे. — एक आई

उत्तर : नमस्कार. पत्र आणि छायाचित्रे दोन्ही मिळाली. पहिल्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे, म्हणून ते आधी देतो. एनआयओएस ही केंद्र सरकारची संस्था आहे, तिची सुरुवात १९८९ साली झाली आणि तिचे दहावी-बारावीचे प्रमाणपत्र इतर मान्यताप्राप्त मंडळांच्या प्रमाणपत्रांच्या बरोबरीचे धरले जाते. २०१८ साली वैद्यकीय प्रवेशाच्या ‘नीट’ परीक्षेसाठी मुक्त विद्यालयाच्या विद्यार्थ्यांना अपात्र ठरवणारा नियम आला होता, पण दिल्ली उच्च न्यायालयाने त्याच वर्षी तो रद्द केला. तेव्हा प्रमाणपत्राची चिंता करू नका. तुमच्या पत्रात मला खरी काळजी वाटली ती विषयांच्या यादीची.

मुलीला वनस्पतिशास्त्र किंवा कृषी या दिशेने जायचे असेल, तर भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र सोडून चालणार नाही. राहुरी आणि दापोलीसह राज्यातील चारही कृषी विद्यापीठांच्या पदवी अभ्यासक्रमाला एमएचटी-सीईटी ही राज्याची प्रवेश परीक्षा द्यावी लागते आणि तिच्या जीवशास्त्र गटात हे दोन्ही विषय असतात. विज्ञान शाखेची बहुतेक महाविद्यालयेही बारावीला ते मागतात. मुक्त विद्यालयाने मुलांना विषय निवडण्याची मोकळीक दिली आहे आणि ती चांगलीच आहे. पण ज्या घरात आईच शिक्षिका असते तिथे ‘तिला आवडत नाही’ एवढे कारण एखादा विषय वगळायला पुरते, कारण ‘आवडत नसला तरी करावा लागेल’ असे सांगणारे तिसरे माणूस जवळपास नसते. तुमच्याकडे हेच झाले असावे. सुदैवाने वेळ गेलेली नाही. एनआयओएसमध्ये ठरावीक मुदतीत विषय बदलता येतात आणि पाच विषयांखेरीज आणखी दोन जादा घेता येतात. नोंदणी पाच वर्षे टिकते, त्या काळात परीक्षेच्या नऊ संधी मिळतात आणि सगळे विषय एकाच वेळी देण्याचे बंधन नाही. रसायनशास्त्र जड जात असेल तर ती बाकीचे विषय एप्रिल-मेच्या परीक्षेत देऊन तेवढा एक ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या परीक्षेसाठी ठेवू शकते. दहावीला गणित नव्हते, याचीही मला रुखरुख वाटते. वनस्पतींच्या अभ्यासात संख्याशास्त्र येतेच, त्यामुळे दहावीचे गणित तिने एकटा विषय म्हणून आंशिक प्रवेशाने करून घ्यावे, असा माझा आग्रह आहे.

आता तुमचा दुसरा प्रश्न. त्याचे उत्तर मला वहीच्या पानात दिसले. रानहळदीचे ते रंगीत पेन्सिलचित्र मी बराच वेळ पाहत होतो. पानाच्या शिरा, कणसावरची गुलाबी होत गेलेली पाने, त्यांच्या बेचक्यातले पिवळे फूल, मातीखालचा कंद, सगळे जागच्या जागी आहे आणि हात इतका शांत आहे की मुलगी त्या झाडापाशी तासभर तरी बसली असणार. खाली वळणदार अक्षरात नाव लिहिले आहे आणि पुढे ‘कासच्या वाटेवर’ एवढीच नोंद आहे. तारीख नाही, निरीक्षण करणाऱ्याचे नाव नाही, अनुक्रमांक नाही, जमीन कातळाची होती की मातीची, ऊन होते की सावली, हेही नाही. वनस्पतिसंग्रहालयात प्रत्येक वाळवलेला नमुना साधारण ४२ बाय २८ सेंटिमीटरच्या जाड कागदावर लावतात आणि उजव्या कोपऱ्यात चिठ्ठी चिकटवतात. त्या चिठ्ठीत या नोंदी नसतील तर कितीही सुंदर नमुना अभ्यासाच्या कामाला येत नाही, कारण वनस्पती कुठे आणि केव्हा फुलली हेच कळत नाही. वनस्पतिशास्त्राच्या पहिल्या वर्षाला असलेल्या कोणत्याही विद्यार्थ्याने तिला हे दोन मिनिटांत सांगितले असते. इतकी वर्षे ती असे चित्र काढते आहे आणि कोणी सांगितले नाही, कारण तिची वही घराबाहेरच्या माणसाने कधी पाहिलीच नाही.

यात तुमची चूक आहे असे मला अजिबात म्हणायचे नाही. शाळेत घालून कोणी तिला असे तासभर झाडापाशी बसू दिले नसते, आणि हा शांतपणा तुम्ही तिला दिला आहे. पण अकराव्या वर्षी मुलाला जे घर पुरते ते सतराव्या वर्षी अपुरे पडते. आजवर तुम्हीच शिकवले, तुम्हीच तपासले, शाबासकीही तुम्हीच दिली. आता पुढची दोन वर्षे तिच्या कामाचे मोजमाप अनोळखी माणसांकडे जायला हवे, आणि माझ्या मते तिची यापुढची सगळी तयारी याच एका गोष्टीभोवती व्हावी.

काही वर्षांपूर्वी घरी शिकलेला एक अत्यंत हुशार मुलगा त्याच्या वडिलांबरोबर माझ्याकडे आला होता. मी त्याला विचारलेल्या प्रत्येक प्रश्नावर तो आधी वडिलांकडे पाहायचा आणि वडील उत्तर द्यायचे. पदवीला चांगल्या ठिकाणी त्याला प्रवेश मिळाला, पण पहिल्याच अंतर्गत परीक्षेत त्याला वीसपैकी नऊ गुण पडले आणि तो तीन दिवस वसतिगृहाच्या खोलीतून बाहेर आला नाही. विषय त्याला उत्तम येत होता. वेळेत लिहिणे, प्रश्नाला धरून लिहिणे आणि कमी गुण पडल्यावर प्राध्यापकांना जाऊन ‘माझे काय चुकले’ असे विचारणे, हे त्याने कधी केलेले नव्हते. वर्षभरात तो सावरला. पण ते वर्ष त्याला फार जड गेले, आणि तुमच्या मुलीच्या वाट्याला तसे वर्ष येऊ नये म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

म्हणून एनआयओएसच्या अभ्यासकेंद्रावरचे संपर्कवर्ग चुकवू नका. घरी शिकणारी मुले ते वेळेचा अपव्यय समजून टाळतात आणि प्रात्यक्षिकांच्या दिवशीच तोंड दाखवतात. रसायनशास्त्राचे प्रयोग तिने केंद्राच्या प्रयोगशाळेतच करावेत. चार अनोळखी मुलांबरोबर एकच ब्युरेट (द्रव मोजून सोडायची काचेची नळी) वापरणे, आपली पाळी येईपर्यंत थांबणे आणि नळीवरचे माप वाचताना चुकल्यावर पुन्हा वाचणे यातून ती जे शिकेल ते तुम्हाला स्वयंपाकघरात शिकवता येणार नाही. वीस टक्के गुणांचे लेखी स्वाध्याय तिने वेळेत द्यावेत आणि तपासून आल्यावर तपासनिसाचा शेरा आधी तिने वाचावा, तुम्ही नंतर. साताऱ्याच्या किंवा वाईच्या महाविद्यालयातील वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकांना तिने स्वतः पत्र लिहून वही दाखवायची परवानगी मागावी. पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचे पश्चिम विभागीय केंद्र आहे आणि मुंबईत सेंट झेवियर्स महाविद्यालयातील ब्लॅटर वनस्पतिसंग्रहालय आहे. आधी विचारून ही दोन्ही ठिकाणे तिने पाहावीत. कासच्या पठारावर मात्र निरीक्षण आणि चित्रच असू द्या, तिथले एक फूलही तोडायचे नाही, हे तिला ठाऊक असेलच. याशिवाय आठवड्यातून तीन दिवस जवळच्या एखाद्या रोपवाटिकेत ठरलेल्या वेळी कामाला जाणे मला फार मोलाचे वाटते. तिथे पिशव्या भरायच्या, रोपे मोजायची, गिऱ्हाइकाशी बोलायचे आणि उशीर झाला तर मालकाचे ऐकून घ्यायचे.

कागदपत्रांबद्दल थोडे तपशिलात सांगतो, कारण घरी शिकलेल्या मुलांचे प्रवेश गुणांपेक्षा कागदांवर जास्त अडतात. पाचवीत शाळा सोडताना शाळा सोडल्याचा दाखला घेतला होता का? नसेल तर या आठवड्यातच त्या शाळेत जा. राज्यातील व्यावसायिक प्रवेशांसाठी अधिवास प्रमाणपत्र लागते आणि ते मिळवताना महाराष्ट्रातील पंधरा वर्षांचे वास्तव्य दाखवावे लागते. इतर मुले शाळेच्या दाखल्यांवर ते सहज दाखवतात, तुम्हाला शिधापत्रिका, वीजबिले, घरपट्टीच्या पावत्या अशी कागदे वर्षवार लावावी लागतील. बारावी झाल्यावर एनआयओएस गुणपत्रिकेबरोबर स्थलांतर प्रमाणपत्र (एका मंडळातून दुसरीकडे प्रवेश घेताना लागणारा दाखला) देते, ते जपून ठेवा. दहावीनंतर बारावीच्या पूर्ण प्रमाणपत्रासाठी दोन वर्षांचे अंतर लागते, हे धरूनच वेळापत्रक आखा. आणि स्वतःच्याच नावाने दहावी-बारावीची प्रमाणपत्रे देणाऱ्या खासगी ‘बोर्डां’च्या जाहिरातींपासून लांब राहा, त्यांपायी प्रवेशाच्या दारातून परत फिरलेली मुले मी पाहिली आहेत.

ही सगळी कामे मुलीने करावीत, तुम्ही तिच्या शेजारी बसावे. पंधराव्या वर्षानंतरचे आधारचे बोटांच्या ठशांचे अद्ययावतीकरण झाले नसेल तर तिने केंद्रावर रांगेत उभे राहून ते करावे. दहा वर्षांवरील मुलांना स्वतःचे बँक खाते स्वतः चालवता येते. तिचे खाते उघडा, रोपवाटिकेचे पैसे त्यात जमा होऊ द्या आणि महिन्याचा बसभाडे-वह्यांचा खर्च तिने त्यातून भागवावा. सतरा पूर्ण झाल्यावर मतदारयादीसाठी आगाऊ अर्ज करता येतो, तोही तिने भरावा. एसटीने एकटीने पुण्याला जाऊन संध्याकाळी परत येणे, चार दिवस नातेवाइकांकडे न राहता वसतिगृहात राहणे, आजारी पडल्यावर डॉक्टरांना स्वतः लक्षणे सांगणे, या गोष्टी तुम्हाला क्षुल्लक वाटतील, पण पदवीच्या पहिल्या वर्षी मुले याच ठिकाणी अडखळतात. महाविद्यालयात साधारणपणे पंचाहत्तर टक्के हजेरी लागते. घरी सकाळी पावसाचे ढग पाहून अभ्यास दुपारवर ढकलता येतो, तिथे सव्वासातच्या तासाला बसावेच लागते. तेव्हा आतापासूनच तिच्या दिवसाचे दोन तास तरी दुसऱ्या कोणाच्या घड्याळावर चालू द्या.

एमआयटीत गेलेल्या मुंबईच्या मुलीचा तुम्ही उल्लेख केला आहे. २०१६ सालची ती गोष्ट अनेक पालक मला सांगतात आणि तिचा अर्धाच भाग त्यांच्या लक्षात राहिलेला असतो. ती मुलगी घरी शिकली हे खरेच, पण तिने आंतरराष्ट्रीय संगणक ऑलिम्पियाडमध्ये भारतासाठी तीन पदके मिळवली होती, म्हणजे जगभरातल्या मुलांच्या पंक्तीला बसून, परक्या परीक्षकांनी दिलेली उदाहरणे ठरलेल्या वेळात सोडवली होती. एमआयटीने तिला घेतले ते या पदकांच्या बळावर. बारावीचे प्रमाणपत्र नसल्यामुळे आयआयटीचे दार मात्र तिला बंदच होते. तुमच्या मुलीकडे दहावीचे प्रमाणपत्र आहे आणि बारावीचेही होईल. ऑलिम्पियाडची पदके तिला नकोत, पण तिची वही कोणा जाणकाराने तांबड्या शाईने दुरुस्त करायला हवी.

पुढचे पत्र मला तिने लिहावे. विषयांत काय बदल केला, रसायनशास्त्राचे प्रयोग कोणत्या केंद्रावर सुरू झाले आणि वही पाहून प्राध्यापकांनी काय सांगितले, हे तिने आपल्या शब्दांत कळवावे. तुम्ही ते पत्र पाठवण्याआधी वाचू नका. सोबत एक नवे चित्र असावे, त्याखाली स्थळ, तारीख, जमीन, अनुक्रमांक आणि तिचे नाव असावे.